ओ पॉझिटिव्ह, सगळ्यांना चालतं

मला राग आला की आधी कान तापतात. त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मांडवगण फराट्यात इनुस शेखच्या घराकडं चालत जाताना माझे दोन्ही कान पेटले होते, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता.

घोळ मीच घातला होता. मी मोनाली ओव्हाळ, दहावीला विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा मुलं पाठ करतात आणि पेपरात ओकतात, म्हणून म्हटलं यंदा हातानं करून बघू दे. पालकांच्या सह्या घेतल्या, रक्तगट तपासायचं किट आणलं आणि सांगितलं, घरून आईवडिलांचा रक्तगट लिहून आणा. इनुसच्या मुलीनं, सुफियानं, आणला. अम्मीचा ए, बाळंतपणाच्या कागदावरून. अब्बांचा ओ, कंपनीच्या लॅमिनेट केलेल्या कार्डावरून. सोमवारी वर्गात तिचं रक्त तपासलं, तर काचपट्टीवरच्या दोन्ही थेंबांत गुठळ्या झाल्या. म्हणजे एबी. ए आईकडून आला, मग बी वडिलांकडून यायला हवा. आणि ओ गटाच्या माणसाकडं द्यायला ए नसतो आणि बीही नसतो. मी तिच्या वहीत डोकावले आणि भर वर्गात बोलून गेले, "अगं, हे होऊच शकत नाही. ओ गटाच्या बापाला एबी मूल होत नाही."

वाक्य पुस्तकातलं होतं, अगदी बरोबर होतं. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "कार्डावर चूक असेल," असं मी घाईघाईनं म्हणाले, पण तोवर वर्गाला हवं ते मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

मंगळवारपासून सुफिया शाळेत आली नाही. गुरुवारी तिच्या शेजारी बसणारी मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तिच्या अम्मीला कासुर्डीला मामाकडं धाडनार हायेत. तिला पन. तिची शाळा बंद." वर्गातली सगळ्यात हुशार पोर, परीक्षेला चार महिने राहिलेले.

इनुस दारातल्या बाजेवर बसला होता. आत सुफियाची अम्मी, आसियाभाभी, भिंतीला टेकून उभ्या होत्या, पायाशी कपड्यांची भरलेली पिशवी.

"इनुसभाई, सुफियाला शाळेत का पाठवत नाही?"

"तुमीच शिकवलं ना मॅडम? ओच्या बापाला तसली पोरगी होत न्हाई म्हनून. विज्ञान खोटं बोलत न्हाई, हे बी तुमीच सांगता पोरांना."

"विज्ञान नाही बोलत. कार्ड बोलतं. तुमचं रक्त तपासलं कुणी?"

"कंपनीनं."

"कंपनीनं म्हणजे कुणी? सुई टोचली होती का?"

"सुई… सुई न्हाई टोचली."

"मग?"

"ठेक्यावर लागलो तवा ठेकेदाराचा मानूस कार्डं भरत हुता. आमी पस्तीस जन लायनीत. रक्तगट कुनालाच ठावं न्हवता. तो म्हनला, ओ पॉझिटिव्ह टाकतो, ते सगळ्यांना चालतं."

त्या शहाण्यानं कुठंतरी ऐकलं असणार की ओ गटाचं रक्त कुणालाही देता येतं. म्हणून फॉर्मातही तेच भरलेलं बरं! पस्तीस माणसांना एका दमात एकच रक्त वाटून तो मोकळा झाला. त्याचं ज्ञान अर्धवट होतं, माझं पुरतं होतं, आणि एक घर मोडायला दोन्ही सारखीच कामाला आली.

"सोळा वर्षं संसार केला तिनं तुमच्याबरोबर," मी ओरडलेच, "आणि तुम्हाला लायनीत भरलेलं कार्ड खरं वाटलं?" कुंपणापलीकडं दोन-चार माणसं उभी राहिली. राहू देत.

"लोक बोलत्यात, मॅडम. कंपनीच्या बसमधी मी चढलो की गप होत्यात."

तेव्हा आसियाभाभी पहिल्यांदा बोलल्या. "तीन दिस घसा फोडून सांगतीया मी. पर माज्या बोलन्याला लॅमिनेशन न्हाई ना."

लॅबमध्ये चला म्हटलं तर इनुस नको म्हणाला, अजून किती गाव गोळा करायचं. किट माझ्या पिशवीत होतंच. मी ते काढलं, तशी सुफिया आतून आली. "मी टोचते," म्हणाली. बापाच्या तोंडाकडं न बघता तिनं त्याचं बोट स्पिरिटनं पुसलं, सुई टोचली, थेंब काचपट्टीवर घेतले, वर बाटल्यांतलं औषध सोडलं आणि काडीनं ढवळलं. पहिला थेंब तसाच लाल राहिला. दुसरा नासलेल्या दुधासारखा फुटला.

"बी गट," ती म्हणाली.

इनुसनं सुस्कारा सोडला आणि चक्क हसला. "बगा! म्हंजी कार्डच खोटं. मिटलं म्हना की! आसिया, मॅडमला चा टाक. सुफे, उद्या साळंत जा गं."

लाइटबिल चुकून जास्त आलं होतं, ते दुरुस्त झालं, असा त्याचा आवाज होता. चीड आली मला. पण मी गप्प बसले. मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती गिळली, कारण पोरगी शाळेत येणार होती.

सुफियानं ती गिळली नाही.

"न्हाई मिटलं, अब्बा. तुमी बी गटाचे निगाला म्हंजी एवढंच, की तुमी माजे बाप असू शकता. बी गटाची मानसं गावात लई असतील. या तपासनीनं न्हाई म्हनता येतं, व्हय म्हनता येत न्हाई. बरोबर ना मॅडम?"

इनुस माझ्याकडं बघायला लागला. खोटं बोलता आलं असतं मला. "बरोबर आहे," मी म्हणाले.

त्याचं हसू विरलं. खाली बघत त्यानं हळूच विचारलं, "मग मॅडम, ती डीएनए तपासनी म्हनत्यात, ती कुटं…"

"बास!" आसियाभाभी दारात आल्या. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "आता एक थेंब न्हाई द्यायचा कुनी. तुमाला काय सांगायचं ते मी सोमवारीच सांगितलंय. तेवढंच हाय माज्याकडं. ते पुरत असंल तर मी ऱ्हाते. पुरत नसंल तर पोरगीला घिऊन मीच जाते, तुमी कशाला धाडताय?"

सुफिया जाऊन आईजवळ उभी राहिली. इनुस टोचलेलं बोट चोळत बसला होता. मग तो पुटपुटला, "पुरतं."

"मोठ्यानं," आसियाभाभी म्हणाल्या. "सोमवारी मोठ्यानं बोलला हुता. सगळ्या आळीनं ऐकलं."

कुंपणापलीकडची माणसं अजून उभीच होती. इनुस बाजेवरून उठला.