पांढऱ्या भिंतीपुढचा ॲप्रन

मी ॲप्रन बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, प्रयोगशाळेतला. पांढरा, गुडघ्यापर्यंतचा, डाव्या खिशावर निळ्या दोऱ्यानं 'परीक्षित' असं नाव भरलेला.

चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या एका शिंप्यानं, मास्टरजींनी, मला शिवलं. परीक्षितला तेव्हा शहराला लागूनच्या सेक्टर ६७ मधल्या औषधशास्त्राच्या इन्स्टिट्यूटमध्ये पीएच. डी.ला प्रवेश मिळाला होता. त्याचे बाबा, वामनराव, केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीला होते, साताऱ्याहून बदली होऊन आलेले. मला पहिल्यांदा घातलेलं पाहून ते परीक्षितच्या आईला, रत्नप्रभाबाईंना म्हणाले, "बघितलंस? प्रोफेसर दिसतोय."

पोटात गेलेली गोळी किती वेळात विरघळते, यावर परीक्षितनं साडेपाच वर्षं घालवली. ॲसिडनं माझी बाही दोन ठिकाणी जळली. कॉलर घामानं पिवळी पडली. तो माझ्याच खिशात बिस्किटं ठेवायचा आणि यंत्रापुढे उभ्या उभ्या खायचा. मला त्याचं ते आयुष्य आवडायचं. माझ्याशिवाय तो आत पाऊल टाकायचा नाही.

पदवी मिळाली त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले आणि आई-बाबा साताऱ्याला परतले. परीक्षित सेक्टर २२ मधल्या एका खोलीत एकटा राहू लागला. घरमालकीण, सगळे तिला बीजी म्हणत, खालच्या मजल्यावर राहायची.

मग अर्ज सुरू झाले. कुठे अनुभव कमी पडला, कुठे जागाच रद्द झाली. एका कॉलेजात त्यानं वर्षभर तासांवर शिकवलं. मे महिन्यात तेही संपलं, पण घरी त्यानं ते कळवलं नाही. त्या उन्हाळ्यात तो दिवसदिवस कुणाशी बोलत नसे. भाजीवाल्याला 'पाव किलो' म्हणताना त्याचा आवाज घोगरा निघायचा.

जूनमध्ये चंदीगडजवळच्या डेराबस्सीत एका औषधांच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली, गोळ्यांची तपासणी करण्याची. पहिल्या दिवशी त्यानं मला घडी घालून बरोबर नेलं. दारावर सांगितलं गेलं, "डॉक्टरसाब, बाहर का कोट अंदर नहीं चलेगा." आत घालायचे कपडे कारखान्याचेच असतात. मी दिवसभर लोखंडी कपाटात, त्याच्या डब्याशेजारी पडून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून मी घरीच.

पण घरी मला वेगळंच काम लागलं. साताऱ्याला दारावर पाटी लागली होती, 'प्रा. डॉ. परीक्षित'. बाबांनी मोठ्या हौसेनं फोटो पाठवला होता. त्यानंतर संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली, की तो मला खिळ्यावरून काढून घालायचा आणि पांढऱ्या भिंतीपुढे खुर्ची ओढायचा. वर मी, खाली पायजमा.

"लॅबमध्येच का अजून?" बाबा विचारायचे.

"हो बाबा. थोडं राहिलंय."

फोन बंद झाला, की तो मला अंगात घालूनच बसून राहायचा. चार महिने हे चाललं. आधी मी त्याला जळण्यापासून वाचवायचो. आता मला घालून तो खोटं बोलत होता, आणि मला ते ओझं सोसवत नव्हतं.

एका शुक्रवारी दार लोटून बीजी आत आली. "पुत्तर, फॅक्टरी से आ गया? राजमा लाई हूँ, गरम गरम खा ले."

फोनमधल्या दोघांनी ते ऐकलं.

"कसली फॅक्टरी रे?" आईनं विचारलं.



"हा ॲप्रन कुठला?" बाबांचा आवाज.

"माझाच आहे, बाबा."

"ते मी विचारलं नाही." आणि फोन बंद झाला.

नऊ दिवस साताऱ्याहून फोन आला नाही. त्यानं केलेले आईनंच उचलले, दोन वाक्यांत ठेवले. राजम्याचं भांडं परत द्यायलासुद्धा तो खाली उतरला नाही.

दहाव्या दिवशी बाबांचा फोन आला. साधा, आवाजापुरता. मी खिळ्यावर होतो.

"तिथे तू करतोस काय, ते तरी नीट सांग."

परीक्षितनं सांगितलं. गेल्याच आठवड्यात गोळ्यांची एक खेप त्यानं अडवली होती. गोळी वेळेत विरघळत नव्हती. बाकीचे म्हणाले, थोडाच फरक आहे, जाऊ द्या. तो तीन दिवस यंत्रापाशी उभा राहिला. शेवटी सापडलं, गोळी गरजेपेक्षा जास्त दाबली जात होती. "साडेपाच वर्षं हेच तर शिकलो, बाबा. फक्त शिकवायला नाही मिळालं."

"मग खोटं का बोललास?"

"पाटीवर 'प्रा.' लिहिलंत ना तुम्ही."

मग वामनराव म्हणाले, "पाटी पुन्हा रंगवता येते रे. मला वाईट त्याचं नाही वाटलं. तू तिथे एकटा, रोज कपडे करून भिंतीपुढे बसत होतास, आणि आम्हाला कळलं नाही."

परीक्षित रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं डोळे पुसले ते टॉवेलनं. माझी बाही हाताशीच होती.

मार्चमध्ये तो डेराबस्सीला, कारखान्याजवळ राहायला गेला. पुस्तकं नेली, कुकर नेला. मला हातात घेतलं, नावावरून अंगठा फिरवला आणि परत खिळ्याला अडकवलं.

खोली आवरताना बीजीला मी सापडलो; आता ती मला घालून लोणचं कालवते. माझ्यावर हळदीचे, मोहरीच्या तेलाचे डाग आहेत. वरची खोली अजून रिकामीच आहे.

तुमचं कुणी खूप शिकून वेगळ्याच वाटेला लागलं असेल, तर एवढंच करा, त्याच्या कामाचं नाव विचारू नका, काम विचारा. तो सांगत असेल तेवढा वेळ ऐका.

परीक्षितचा फोन बीजीला येतो. तो तिच्या गुडघ्याची चौकशी करतो, वर कुणी भाडेकरू आला का विचारतो. माझा विषय निघत नाही. निघू नयेच; त्याला आता माझी गरज नाही.