आखाजीचं डांगर

सुपडूनं सुटी मागितली, तिथून हे सगळं बिनसलं. सणाची नाही, आजारपणाची नाही. दर आठवड्याला एक दिवस!

एकोणीस वर्षं माझ्याकडे सालदार असलेला माणूस. आखाजी ते आखाजी, अक्षय्य तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, असं वर्ष बांधून राहायचं, पहाटे गोठ्यात यायचं, दिवे लागले की घरी जायचं. एकोणीस वर्षांत त्यानं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. आणि त्र्याण्णव सालच्या आखाजीला आठ दिवस राहिलेले असताना, मी म्हशीपुढे वैरण टाकत होतो, तर हा मागून म्हणतो, "नाना, एक गोठ सांगू का? आठोडाले एक दिन सुटी पाहिजे माले. कंपनीमां पोरेस्ले भेटस."

"अन बैलेस्ले काय सांगू?" मी म्हणालो. "आज रविवार शे, आज चारा नही? केळीले सांगू का, सुपडू सुटीवर शे, आज पानी पिऊ नको?"

मी मोठ्यानं हसलो. तो हसला नाही. शेणाची पाटी उचलून उकिरड्याकडे गेला. मला वाटलं, विषय संपला.

पण डोक्यातून जाईना. कंपनी म्हणे कंपनी! जळगावला ते पाइपाचे कारखाने निघाले आणि आमच्या चोपड्याकडच्या गावांतली पोरं सकाळच्या एस.टी.ला मधमाश्यांसारखी लटकायला लागली. आता हे खूळ माझ्या गोठ्यापर्यंत आलं होतं. म्हटलं, याला एकदा दाखवायलाच हवं.

आमच्या घरात माझ्या बापापासूनची एक रीत. आखाजीच्या दोन दिवस आधी मालकिणीनं सालदाराच्या घरी मातीची घागर आणि एक डांगर पाठवायचं. डांगर म्हणजे तुमचं खरबूज. आखाजीला पूर्वजांच्या नावानं घागर भरायची आणि तिच्यावर डांगर ठेवायचं, हे तर खानदेशात घरोघर. पण आमच्याकडून गेलेल्या डांगराचा अर्थ आणखी एक असे: पुढचं सालही तू आमचाच. मालकानं गड्याच्या दारात जायचं नाही, गड्यानं मालकाच्या ओट्यावर गयावया करायची नाही. डांगर गेलं, त्यानं ठेवून घेतलं, साल ठरलं.

यंदा मी बायकोला सांगितलं, "सुपडूकडे डांगर पाठवू नको."

मंजुळा कणीक मळत होती. तिनं हात थांबवले. "काब्र?"

"येऊ दे त्याला स्वतः. विचारू दे, नाना, डांगर का नाही आलं? मग बोलतो मी त्याच्या सुटीचं."

"अन तो नही ऊना ते?"

"जाईल कुठे?"

हे 'जाईल कुठे' मी इतक्या तोऱ्यात म्हणालो होतो की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आखाजी आली. लेकी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले, गाणी सुरू झाली. पारावर पत्त्यांचे डाव पडले. मी मात्र सकाळपासून गल्लीकडे तोंड करून ओट्यावर बसलो. जेवायला पुरणपोळी आणि आमरस होता. काय खाल्लं मला कळलं नाही. कुणाचंही पाऊल वाजलं की मी मान वळवायचो आणि लगेच दुसरीकडे बघायचो, उगाच त्याला दिसायला नको. सुपडू आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी आमच्या जीवरामला त्याच्या घरी पाठवलं. जीवराम माझा एकुलता एक, बी.ए. झालेला. परत येऊन दारातच उभा राहिला.

"सुपडूभाऊ जळगावला वॉचमन लागले. पाइपच्या कंपनीत. सातच्या गाडीनं जातात."

"आणि मला सांगायचं नाही?"

"त्यांची रुख्माबाई म्हणाली, नानांनी डांगर पाठवलं नाही, तेव्हाच आम्ही समजलो."

समजले! काय समजले, कप्पाळ! एक फळ आलं नाही म्हणून एकोणीस वर्षांचा माणूस उठून चालायला लागतो? शिव्या देत मी बैलांना पाणी पाजायला गेलो. सोन्या, माझा डावीकडचा बैल, हौदावर आला आणि माझ्या मागे सुपडू दिसतोय का ते बघत राहिला. पाणी प्यायला नाही.

मग सुरू झाली गडी शोधायची वरात. मृगाला महिना-सव्वा महिना उरलेला. मृगात केळी लावायची म्हणजे त्याआधी कंद निवडायचे, खड्डे घ्यायचे. दोन बैल, दोन म्हशी, आणि माझी ही कंबर. डॉक्टरांनी वाकायलाच मनाई केलेली. मृगापर्यंत गडी मिळाला नाही, तर यंदा नवी बाग लागणार नव्हती. बापजाद्यांच्या काळापासून एक वर्ष आमच्या शिवारात केळी लागली नाही, असं झालं नव्हतं.

पहिल्यांदा गेलो गावातल्याच उखर्डूकडे. दिवसभर पारावर पाय पसरून असतो, म्हटलं हा तरी येईल. तर त्यानंच माझी मुलाखत घेतली.

"म्हशी किती? दूध मी काढाव नही. रातले पानी भराव नही. दुपारले जेवन झायं का दोन तास झोप."

"मग तू येणार तरी कशाला?"

"मी कोठे ऊनू, नाना? तुम्हीच ऊनात."

पारावरची चार टाळकी खो खो हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करतो काय?

मग जीवरामच्या मोटारसायकलवर मागे बसून सातपुड्याच्या पायथ्याला गेलो. माझ्या बापाच्या वेळी तिथल्या पाड्यावर नुसता निरोप धाडला, की संध्याकाळपर्यंत वीस माणसं बांधावर हजर. आता निम्म्या घरांना कड्या. शेळ्या, कोंबड्या आणि म्हातारा पुन्या, एवढंच उरलेलं.

"सगळे सुरतेकडे गेले," पुन्या म्हणाला. "पावसाला येतील."

"मला आत्ता पाहिजेत रे."

"मलाही पाहिजेत," तो म्हणाला आणि छपराचं भोक दाखवलं. "तुम्हाला दोन सापडले तर एक इकडे पाठवा."

हसावं की रडावं, सांगा! धरणगावकडून एक जण आला, तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी पाण्याची मोटार चालू ठेवून जो गेला, तो गेलाच. निम्मी बाग चिखलात.

या सगळ्यात राबला तो जीवराम. त्याच्या हाताला मी कधी शेण लागू दिलं नव्हतं. शिक, साहेब हो, हेच त्याच्या कानीकपाळी ओरडत आलो. आता तोच पोरगा पहाटे गोठ्यात जायचा आणि मी बांधावरून ओरडायचो, "अरे, वाफा फुटला! डोळे घरी ठेवून आलास का? बैलाला असं धरतात?" तो हूं की चूं करायचा नाही. हाताला फोड आले, फुटले, मग कातडी घट्ट झाली. तिसऱ्या आठवड्यात सोन्या त्याच्या हातून चारा खायला लागला. मी ते पाहिलं, मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! तोंडातून मात्र निघालं, "गव्हाण आधी झाडायची असते, एवढंही कळत नाही?" मधे दोनदा तो फॉर्म भरायचा म्हणून जळगावला जाऊन आला. मी विचारलंही नाही कसला फॉर्म.

शेवटी मंजुळाच बोलली. "जीवरामना बाप, आयकतस का? सुपडूले लई या. स्वतः जा."

"मी? गड्याच्या दारात?"

"ते दार तेन्हं थोडंच शे? कंपनीनं शे. तठे जा."

बायकोपुढे कोणाचं चाललंय? तिनं थैली भरून हातात दिली आणि मी जळगावची गाडी धरली. वाटेत मनाशी घोकत गेलो: सुटी देतो म्हणायचं. आठवड्याला एक. आवाज चढवायचा नाही.

कंपनीच्या फाटकावर सुपडूच होता. खाकी कपडे, टोपी, गळ्यात शिटी. पायात बूट! एकोणीस वर्षांत मी त्याच्या पायात बूट पाहिले नव्हते. मला पाहून त्याचे हात आपसूक जोडले गेले. तेवढ्यात आतून ट्रक आला. त्यानं फाटक उघडलं, ट्रकचा नंबर वहीत लिहिला, फाटक लावलं आणि मगच माझ्याकडे आला.

"नाना, उनमां उभा नका ऱ्हाऊ. केबिनमां या. फक्त ती थैली देखनी पडस. रूल शे."

"माझी थैली?"

"बठ्ठास्नी देखतस, नाना."

माझं डोकं सणकलं. हा माणूस माझ्या घरात चुलीपर्यंत यायचा, आणि आज माझी थैली तपासणार! पण आवाज चढवायचा नव्हता. पुढे केली. त्यानं अदबीनं एकेक वस्तू बाहेर काढली. टॉवेल. पाण्याची बाटली. फडक्यात बांधलेली भाकरी. आणि सगळ्यात खाली डांगर.

मंजुळेनं ठेवलं होतं. देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं.

सुपडू ते दोन्ही हातांत धरून उभा राहिला. म्हणाला, "यंदा बाजारमाईन लयनू मी डांगर. एकोणीस वरीसमां पहिली खेप."

"अरे, मग विचारायचं ना येऊन! तीन दिवस वाट पाहिली मी तुझी, ओट्यावर बसून!"

"मी बी दारमांच बसेल व्हतू, नाना. रुख्मानी घागर तशीच ठेयेल व्हती, तुम्हनं डांगर येई म्हनीसन."

गाव एक, मधे दोन गल्ल्या. आखाजीला हा त्याच्या दारात आणि मी माझ्या दारात, दोघंही एकाच डांगरासाठी. बाहेर भोंगा झाला. पोरांचा लोंढा फाटकातून बाहेर पडला, सायकली, हसणं, शिट्ट्या. या पोरांचे बाप आमच्या बांधावर कामाला असायचे.

"सुपडू, चल आता," मी म्हणालो. "देतो तुला सुटी. आठवड्याला एक दिवस. तू म्हणशील तो दिवस."

त्यानं डांगर हलकेच थैलीत परत ठेवलं. मग शांतपणे म्हणाला, "नाना, आठे सुटी मांगनी पडत नही. ती ऱ्हासच."

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता, तर मी चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

मग त्याचा चेहरा एकदम खुलला. "अन आते काय, सोमवारपाईन जीवराम बी शे आठे. तुम्ही तेन्हाकरता ऊनात, असं वाटनं माले. साहेबले मीच सांगं, मना घरना पोऱ्या शे, चांगला शे. लगेच हा म्हने."

मला ठाऊक नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. "तुम्हले सांगं नही का तेनी?"

"सांगितलं ना," मी म्हणालो. "सांगितलंय की."

गडी परत आणायला गेलो होतो. माझ्या गड्यानं शब्द टाकून माझ्या पोराला नोकरी लावली होती, आणि ते मला फाटकावर कळत होतं.

निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत आला. "नाना, बुधवारे मनी सुटी ऱ्हास. मी येसू. केळीना कंद निवडी देसू. सोन्याले बी देखनं शे."

घरी येऊन मी जीवरामला धारेवर धरलं. "बापाला सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही ओरडला असता, नाना."

"मग आता मी काय करतोय?"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "तिथे आठ तास ओरडतील. मग घरी येता येतं."

मंजुळा पदर तोंडाला लावून आत गेली. मी तिथेच बसलो. पोराचे हात माझ्यासमोर होते, काळे, घट्टे पडलेले. महिनाभर त्या हातांनी माझी बाग जगवली होती आणि माझ्याकडून एकदाही 'शाब्बास' निघालं नव्हतं. आता म्हणावं, तर तो जायला निघालेला. तेव्हाही नाहीच म्हणालो. म्हणालो काय, तर "डबा घेऊन जात जा, बाहेरचं खाऊ नको."

सोमवारी सातच्या गाडीनं जीवराम गेला.

बुधवारी पहाटे गोठ्यात कडी वाजली. मी धडपडत उठलो. सुपडू होता, जुन्या बंडीत, अनवाणी. सोन्यानं दाव्याला हिसका देऊन असा हंबरडा फोडला की मंजुळा चूल सोडून बाहेर आली. दिवसभर सुपडूनं कंद निवडले, चांगले एकीकडे, किडके एकीकडे. मी बांधावर बसून पाहत होतो. एकदाही ओरडलो नाही. ओरडण्यासारखं काही नव्हतंच. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांत कधीच नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी तो हातपाय धुऊन निघाला. मी म्हशीला वैरण टाकत होतो. एकोणीस वर्षांची सवय. मान वर न करता मी म्हणून गेलो, "उद्या लवकर ये रे, सुपडू."

तो थांबला.

"उद्या ड्युटी शे, नाना," तो म्हणाला.