दोन पिकअपचे मागचे पाटे

गाडी घेताना माणूस रंग बघतो, हॉर्न वाजवून बघतो, फार तर टायरला लाथ मारतो. मागच्या चाकांवरच्या पाट्यांकडे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्यांकडे, वाकून कोण बघतं? अडुसष्ट साली नवी पिकअप घेतली तेव्हा मीही बघितलं नाही. वडनेर भोलजीहून खामगावच्या बाजारात वांगी न्यायची, एवढंच डोक्यात होतं. वांग्यांनी कधी तक्रार केली नाही. आईने केली.

आई, म्हणजे सत्यभामाबाई, गोठ्यात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. खामगावच्या दवाखान्यात नेणं भाग होतं. गादी घालून तिला माझ्या गाडीत मागे निजवलं. वेशीजवळच्या पहिल्याच खड्ड्यात गाडी अशी उसळली की आईने किंकाळी फोडली. गाडी वळवून परत घरी आणली.

"मले इथंच मरू दे," ती म्हणाली, "पण या गाडीत टाकू नको."

बैलगाडीला तर पाटेच नसतात. एस.टी.त मोडक्या मांडीचं माणूस निजवणार कुठे? राहिली माझ्या थोरल्या भावाची, शालिग्रामदादाची, जुनी पिकअप. वाटणीत ती त्याच्याकडे गेली. मी तिला चारचौघांत डबडं म्हणालो, तेव्हापासून दोन वर्षं आम्ही समोरासमोर राहूनही बोलत नव्हतो. त्या डबड्यात आई बाजारातून येताना खुशाल झोपून जायची. पण महिनाभर त्याचं इंजिन खोलून पडलेलं. माझं नशीबच असलं!

इंजिन नाही तर नाही, पाटे तर आहेत. ते माझ्या गाडीला लावू, असं ठरवून मी दातओठ खात दादाच्या दारात गेलो. आईसाठी पाटे पाहिजेत, एवढंच सांगितलं. तो आतून जॅक घेऊन आला.

दोन्ही गाड्यांचे एकेका बाजूचे पाटे सोडवून आम्ही अंगणात शेजारी शेजारी ठेवले आणि मी कपाळावर हात मारला. जुनीचे नऊ पाटे, पातळ आणि लांब. नवीचे पाच, जाडजूड आणि आखूड. नवी गाडी ओझ्यासाठीच घडवलेली. दहा पोती टाका, गुमान चालते. रिकामी असली की लाथा झाडते. पण दहा पोती टाकली तर आईला निजवायचं कुठे? जुने पाटे नव्यांपेक्षा अरुंद, वीतभर जास्त लांब, बोल्टाचं भोकही जुळेना. कानशीने घासलं, हातोड्याने ठोकलं. छे!

शेजारचा जानराव सकाळपासून उभा होता. याच्याकडे कधी सायकलसुद्धा नव्हती. "इंद्रभान, नव्यातला एक पाटा काढून टाक न. नरम होते."

काढला, उरलेले चार परत बसवले. गाडी एका बाजूला कलंडली.

"आता दुसऱ्या बाजूचाही काढ," जानराव म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. हातातला पाना मी फेकला, तो नेमका दादाच्या नडगीवर बसला.

"काऊन बे, जीव घेतो काय?" दोन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य.

"महिनाभर इंजिन खोलून ठेवते काय कोणी? तुह्यामुळंच झालं हे सारं!"

"अन् हे उड्या मारणारं खेचर कोणी आणलं?"

आम्ही एकमेकांच्या अंगावर जाणार तेवढ्यात ओसरीवरून आई ओरडली. "अरे भांडखोरहो! पाटे काऊन काढून राह्यले? दोर बांधा अन् त्याची आख्खी गाडीच ओढून न्या न!"

दादाने पडलेला पाना उचलला. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि आता काढलेले सगळे पाटे पुन्हा बसवायचे होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

अखेर मोटेचा जाड नाडा बांधला. पुढे मी नव्या गाडीत, मागे बिनइंजिनाच्या गाडीत स्टिअरिंग धरून दादा, त्याच्यामागे आई. नाडा सैल पडला की पुढचा हिसका आईला बसणार. आई मला दिसत नव्हती. आरशात दिसत होता फक्त दादाचा चेहरा. त्याचे ओठ आवळले की मी वेग कमी करायचो, ते सैलावले की थोडा वाढवायचो. नांदुऱ्याच्या बाजारात पोरंटोरं आमच्या वरातीला हसली. हसू देत. मला मान वळवायची सोय नव्हती.

खामगावला दवाखान्याच्या दारात थांबलो, धावत मागे गेलो. आई डोळे चोळत होती.

"थोरल्यानं आणलं मले," तिने उचलायला आलेल्या माणसांना सांगितलं. "झोप लागली."

पेट्रोल माझं, ओढणारी गाडी माझी, अन् आणलं थोरल्यानं! राग आला, पण झोप लागली हे ऐकून डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते दादाने पाहिलं म्हणून आणखीच राग आला. आईला आत नेल्यावर तो वाकून नाड्याची गाठ सोडू लागला.

"सोडू नको ते!" मी खेकसलो. "घरी कोण ओढून नेईन तुह्या गाडीले?"