भिंतीकडे तोंड केलेली सनद

मी एक जुनी सनद आहे आणि सध्या माझे तोंड भिंतीकडे आहे. समोर रंगाचे पोपडे आणि कोळ्याचे एक जाळे, एवढेच माझे जग. मित्रांनो, सनद म्हणजे वकिलाचा परवाना. कायद्याचे शिक्षण घेतले, परीक्षा दिली, काळा कोट शिवला, तरी माझ्यावाचून कोणालाही न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडता येत नाही. मी दिसायला साधीच, एक जाड कागद, एक शिक्का आणि दोन सह्या. पण माझा तोरा मोठा होता, हे कबूल करते.

वकिलांच्या परिषदेच्या कार्यालयात माझा जन्म झाला. त्या दिवशी सभागृहात चाळीसेक तरुण मुले-मुली उभी राहून शपथ घेत होती. त्यांतच आमच्या बाई होत्या. पहिल्या खेपेला त्या परीक्षेत नापास झाल्या होत्या, म्हणून त्यांचा आवाज इतरांपेक्षा जरा जास्तच थरथरत होता. "अशिलाचं काम स्वतःचं समजून करीन. न्यायालयाशी खोटं बोलणार नाही." ही दोन वाक्ये पुढे एकमेकांच्या उरावर बसतील, असे तेव्हा ना त्यांना वाटले ना मला.

बाईंचे ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. समोर रस्त्यापलीकडे एका सुताराचे दुकान होते. त्याने उरलेल्या सागवानातून माझ्यासाठी चौकट केली आणि स्वतः येऊन मला भिंतीवर टांगले. "वकीलबाई, तुमचा कागद पिवळा पडेल, पण माझी चौकट हलायची नाही!" असे म्हणून तो हसला. समोरच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा आणि मग आपले गाऱ्हाणे सांगायचा. एका आजीबाईने तर मला देवाचा फोटो समजून हात जोडले होते. मी तेव्हा अशी फुगले, की काच फुटायचीच बाकी राहिली होती.

त्या खोलीत एक रीत होती. निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात जायला ठरावीक दिवसांची मुदत असते. ती बाई आणि त्यांचे कारकूनकाका, दोघेही वेगवेगळी आणि मोठ्याने मोजत. "निकालाचा दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून एक," असे म्हणत काका कॅलेंडरवर पेन्सिलीचे टोक टेकवत पुढे जात. मग बाई मोजत. दोघांची तारीख जुळली तरच ती लाल शाईने डायरीत चढे. ऐकून ऐकून मलाही मोजता येऊ लागले होते. चौदा वर्षांत एकही तारीख चुकली नाही.

मग त्या सुताराचाच खटला आला. जागेच्या मालकाला दुकान रिकामे करून हवे होते. खालच्या न्यायालयाचा निकाल सुताराच्या विरुद्ध गेला. अपिलाला तीस दिवस होते. त्या दिवशी काका लेकीच्या बाळंतपणासाठी इस्पितळात होते. बाईंनी एकटीने, मनातल्या मनात मोजले. मोजले तरी कसले, निकाल बारा तारखेचा म्हणून पुढच्या महिन्याची बारा तारीख लिहून मोकळ्या झाल्या. महिना एकतीस दिवसांचा होता, मित्रांनो. मी भिंतीवरून बघत होते. पण कागदाला तोंड असते, जीभ नसते.

बारा तारखेला बाई अपील घेऊन गेल्या, तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, मुदत काल संपली."

उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण त्याला कारण सबळ लागते. काका हळूच म्हणाले, "तुम्ही आजारी होतात असं लिहू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. डॉक्टर ओळखीचे आहेत. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

बाई अर्धी दुपार माझ्यासमोर उभ्या होत्या. एक खोटा कागद दिला असता तर सुताराचे दुकान बहुधा वाचले असते. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, खरं तेच लिहा. मी मोजायला चुकले."

न्यायालयाने अर्ज फेटाळला. वकिलाचा निष्काळजीपणा हे काही कारण नव्हे, असे म्हटले. दुकान गेले. सुतार जिना चढून वर आला, तेव्हा त्याच्या दंडावर अजून भुसा होता.

"बाई," तो म्हणाला, "एवढं खरं बोलायला माझंच दुकान सापडलं का तुम्हाला?"

बाईंनी परिषदेचा पत्ता लिहून त्याच्या हातात दिला. "माझ्याविरुद्ध तक्रार करा. तो तुमचा हक्क आहे." त्याने चिठ्ठी वाचली, टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. त्याने तक्रार केली नाही. मग बाईंनीच परिषदेला पत्र लिहिले. इतर वकील म्हणाले, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. परिषदेच्या तीन ज्येष्ठ वकिलांनी सगळे ऐकून घेतले आणि मला सहा महिन्यांसाठी निलंबित केले.

बाईंनी मला खिळ्यावरून काढून टेबलाच्या खणात ठेवले. मला वाटले, सहा महिने काय, असे जातील. ते गेलेही. पुन्हा वकिली करण्याच्या परवानगीचे पत्र आले. बाईंनी ते वाचून माझ्याच अंगावर ठेवले आणि खण लावून टाकला.

काका म्हणाले, "बाई, शिक्षा संपली."

"माझी संपली, काका. त्यांचं दुकान परत आलं का?"

त्यानंतर सात वर्षे मी अंधारात होते. बाई कायद्याच्या कॉलेजात शिकवू लागल्या, काका निवृत्त झाले, खोलीला कुलूप लागले. मित्रांनो, मला त्या खिळ्याची फार आठवण यायची. सकाळच्या उन्हाची, खुर्ची सरकल्याच्या आवाजाची, मोठ्याने मोजलेल्या त्या आकड्यांची. मी मनातल्या मनात महिने मोजत बसे, एकतीसचा कोणता आणि तीसचा कोणता.

यंदा बाईंची भाची वकील झाली. तिने खोली उघडली, खण उघडला. माझी काच तडकली होती.

"मावशी, चौकट मस्त आहे गं. मी घेऊ?"

"घे. सागवान आहे."

"आणि तुझी सनद?"

"राहू दे खणात."

चौकट माझ्यासकट घेऊन भाची दुरुस्तीसाठी पत्ता विचारत विचारत गेली, ती नेमकी त्याच सुताराकडे. आता तो घराच्या ओसरीत काम करतो. त्याने चौकट हातात घेतली, एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि मला बाहेर काढले. बराच वेळ तो माझ्यावरचे नाव वाचत राहिला.

"ही कुठं ठेवणार?"

"खणात."

"खणात कसर लागते. मागं राहू दे हिला." मग त्याने विचारले, "बाई कोर्टात जातात का?"

"नाही हो. सात वर्षं झाली."

तेवढ्यात तिला फोन आला म्हणून ती फाटकाकडे गेली. सुताराने पुढे नवी सनद घातली, मागे मला, पाठीला पाठ लावून. वर माझ्यापुरती फट ठेवून पातळ फळी बसवली आणि चार खिळे मारले. मारले म्हणजे, प्रत्येक निम्माच आत ठोकला.

"उघडायला लागेल परत," तो पुटपुटला. ते फक्त मी ऐकले.

आता मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. फळीच्या फटीतून भिंतीचा एक पट्टा दिसतो. संध्याकाळी कॉलेज सुटले की बाई येतात आणि काकांच्या खुर्चीत बसतात. भाची मोजते, मग बाई मोजतात. "निकालाचा दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून एक." त्यांचा आवाज जरा जाड झाला आहे. तो ऐकला की मला वळून त्यांच्याकडे बघावेसे वाटते. काल त्यांनी चौकट पुसली, पण पुढूनच.

मित्रांनो, कोणाचे काम हाती घेतलेत तर दोनदा मोजा, आणि मोठ्याने मोजा. आणि कधी त्या खोलीत गेलात, तर माझे एवढे काम करा. बाईंना म्हणा, चौकट एकदा पालथी करून बघा. तो सुतार उगाच कधी खिळा अर्धा सोडत नाही.