कॉटन चेंबरमधली भिंत

सोलापूरच्या नव्या पेठेतली कॉटन चेंबर ही दगडी इमारत कापसाच्या व्यापाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी बांधली, तेव्हा तिथे दलालांच्या पेढ्या आणि विम्याच्या कचेऱ्या होत्या. गिरण्या बंद पडत गेल्या तशा कचेऱ्याही गेल्या. त्यांच्या जागी खाली चादरींची दुकानं आली, एक नोटरी आला, झेरॉक्सवाला आला, आणि वरच्या मजल्यावर हेमावतीबाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट. इमारत व्यापाऱ्यांच्या ट्रस्टची. जुन्या पेठा सुधारायच्या योजनेत तिचं नाव लागलं आणि ट्रस्टमध्ये दोन तट पडले. निम्म्यांना ती दुरुस्त करून वर नवी ऑफिसं आणायची होती, निम्म्यांना पाडून काचेचं कॉम्प्लेक्स उभं करायचं होतं. शेवटी इंजिनिअरचा अहवाल येईल तसं करायचं ठरलं.

इंजिनिअर म्हणून आली ती आरोही. वय तिशीच्या आत, मूळची जिल्ह्यातल्याच केम गावची, नोकरी पुण्यात. तिने आठवडाभर इमारतीचा कोपरा न् कोपरा मोजला. तळमजल्यावर रावजीच्या चादरींच्या दुकानात मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती, तिच्यावर तिने काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. चीर वाढली तर पट्टी तडकते. चौथ्या दिवशी दोन पट्ट्या तडकल्या.

त्या दुपारी आरोही वर टायपिंगच्या हॉलमध्ये आली. हॉल लांबरुंद, भिंतींना आणि छताखालच्या तुळईला सनमायकाचं पॅनेल, खाली चौदा कॉम्प्युटर. तिने नकाशावर पेन्सिल टेकवली.

"काकू, खाली दीड फूट जाड भिंत आहे. तशीच वर यायला हवी होती, बरोबर या हॉलच्या मधोमध. इथे आधी भिंत होती का?"

"नाही," हेमावतीबाई म्हणाल्या. "आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे."

उत्तर इतकं चटकन आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आरोहीने मान हलवली, वहीत काही लिहिलं आणि जिना उतरून गेली.

भिंत होती. ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हेमावतीबाईंचे यजमान महेश्वर यांनी ती काढून घेतली होती. तेव्हा टायपिंगला मुलांची रीघ लागायची, पहाटे सहापासून बॅचेस चालायच्या आणि दोन खोल्यांत मशिनी मावत नव्हत्या. ट्रस्टला विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. कुंभारीच्या बिरुदेव गवंड्याने सुट्टीच्या चार दिवसांत भिंत उतरवली, वर लोखंडी गर्डर टाकला आणि डबर पोत्यांत भरून मागच्या जिन्याने नेलं. त्याच पावसाळ्यात खाली रावजीच्या दुकानात केसाएवढी चीर दिसली. पुढच्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला, सोलापुरातली घरंही हलली आणि महेश्वररावांनी ती चीर भूकंपाच्या नावावर टाकली. सगळ्यांना ते पटलं. महेश्वरराव जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. त्यांच्यामागे इन्स्टिट्यूट बाईंनीच चालवलं होतं.

आठवड्याने ट्रस्टची नोटीस आली, ती रावजीला. दुकानात परवानगीशिवाय पोटमाळा घालून त्यावर मालाचे गठ्ठे रचल्यामुळे भिंत फाटली असं दिसतं, तरी पंधरा दिवसांत गाळा खाली करावा. आरोही आणि तिची दोन-तीन माणसं अजून सोलापुरातच होती, अहवाल पुरा झाला नव्हता, पण पाडायला निघालेल्यांना तेवढं निमित्त पुरलं.

रावजी नोटीस घेऊन वर आला. साठीचा माणूस, जिना चढून धापा टाकत होता. इमारतीतल्या सगळ्यांची पत्रं वर्षानुवर्षं हेमावतीबाईच टाइप करून देत.

"वैनी, उत्तर लिवायचंय. मी सांगतो, तुमी नीट भाषेत घाला."

"सांगा."

"पोटमाळ्यामुळं भिंत फाटली हे मला मान्य न्हाय. पोटमाळा सात वर्साखाली घातला. चीर त्याच्या लई आदीची हाय, भूकंपापास्नंची. आन् हे वरच्या हेमावतीबाईंना ठाव हाय."

बाईंचे हात थांबले. "माझं नाव कशाला?"

"आता ऱ्हायलंय कोन जुनं? महेश्वररावांनीच मला दावली हुती की ती चीर. तुमी साक्षीदार म्हनून सही करा, म्हंजे त्यास्नी बोलायला जागा न्हाय."

बाईंनी पत्र टाइप केलं. 'सदर तडा भूकंपाच्या वेळेपासूनचा असून श्रीमती हेमावती यांना त्याची माहिती आहे.' एक चूक झाली, ती सुधारली. प्रिंट काढली. रावजीने सही केली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनीही केली.

"उपकार झाले बगा," म्हणून तो गेला.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आपण खोटी सही केली हे एक. दुसरं म्हणजे त्या सहीनेही रावजी वाचणार नव्हता. भूकंपाने इमारत खिळखिळी झाली म्हटल्यावर पाडणाऱ्यांना अजून काय हवं? आणि खरं सांगितलं तर महेश्वररावांचं नाव चावडीवर येणार, आपली जागाही जाणार. सकाळी त्यांनी नवाच्या बॅचची किल्ली दिपालीकडे, म्हणजे मदतनीस शिक्षिकेकडे दिली आणि कुंभारीची बस धरली. भिंतीचं नेमकं काय केलं होतं, ते तरी आधी बिरुदेवला विचारायचं होतं.

बिरुदेव दारात बाजेवर बसला होता. आता काम सुटलं होतं, पण ओळख लगेच पटली. बाई मूळच्या सीमेवरच्या, कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीच्या, बिरुदेवच्याही घरात कानडी, त्यामुळे बोलणं मराठी-कानडी असं दोन्हीकडून फिरत राहिलं. त्याच्या बायकोने चहा आणला.

"मालकास्नी मी म्हनलं हुतं, कागूद करून घ्या," बिरुदेव म्हणाला. "ते म्हनले परीक्षा तोंडावर आल्यात, थांबायला सवड न्हाय."

"गर्डर चांगला होता ना?"

"भंगार बाजारातला हुता. लांबी पुरंना, मग दोन तुकडं जोडलं."

"जोडले म्हणजे?"

"मधी वेल्डिंग मारलं की. तवा मजबूत हुतं. आता किती वर्सं झाली..."

बाईंनी कप खाली ठेवला. तीस वर्षं त्या गर्डरखाली त्यांनी मुलं बसवली होती. आत्ताही अकराची बॅच बसलेली असणार. त्या अंगणातच उभ्या राहिल्या आणि त्यांनी आरोहीला फोन लावला.

"मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले. तिथे भिंत होती. आम्ही काढली." आणि वेल्डिंगचंही सांगितलं.

आरोहीने सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "हॉलमध्ये आत्ता कोणी आहे?"

"मुलं आहेत."

"बाहेर काढा. मी पोचते."

दिपाली वर्गात फोन बंद ठेवायची. तरी दोनदा लावून पाहिला. मग त्यांनी रावजीला लावला.

"रावजीभाऊ, वर जा आणि सगळ्या मुलांना खाली आणा. कॉम्प्युटर राहू देत तसेच. कारण मी येऊन सांगते."

"आग लागली का काय?"

"नाही. पण जा, लवकर जा."

रावजी गेला. बिरुदेवने पायात चपला सरकवल्या. "मीबी येतो. कुटं काय हाय ते मलाच ठाव," म्हणाला. दोघं रिक्षाने निघाले.

ते पोचले तेव्हा मुलं रस्त्यापलीकडे उभी होती. बिरुदेवने हॉलमधल्या पॅनेलची जागा दाखवली, आरोहीच्या माणसांनी सनमायका उखडला. गर्डर मधोमध चांगला दोन बोटं वाकला होता आणि वेल्डिंगच्या जोडावर गंजलेली भेग होती. आरोहीने टॉर्च मारून ती पाहिली आणि कुणालातरी टेकू आणायला पिटाळलं. दिवस मावळायच्या आत खाली-वर मिळून बारा लोखंडी टेकू लागले.

मग तिने जमलेल्यांना सांगितलं, "भिंतीवर पसरलेला सगळा भार या गर्डरच्या टोकावर आला. त्या टोकाच्या बरोबर खाली दुकानातली चीर आहे. पोटमाळ्याचा संबंध नाही, भूकंपाचाही नाही."

रावजी हेमावतीबाईंकडे वळला. "काल सही केली, तवा ठाव हुतं तुमास्नी?"

"हो."

खाली जाऊन त्याने दुकानाचं शटर ओढलं.

आरोहीच्या अहवालात लिहून आलं की बाकी इमारत ठणठणीत आहे, काढलेली भिंत चुन्यात पुन्हा बांधली की पुढची पन्नास वर्षं चिंता नाही. माहिती भाडेकरूने आपणहून दिली, हेही तिने नमूद केलं. त्या एका वाक्यामुळे ट्रस्ट पोलिसांत गेला नाही. इमारत दुरुस्त करायचं ठरलं आणि रावजीची नोटीस मागे घेतली गेली. हेमावतीबाईंची जागा मात्र गेली. सेक्रेटरींनी बोलावून विचारलं, "तुमचं काही म्हणणं?" बाई म्हणाल्या, "नाही. मुलांची परीक्षा जूनमध्ये आहे, तोवर सामान हलवायला वेळ द्या." दिला.

अशोक चौकात एका विणकराच्या घरावरची खोली त्यांना मिळाली. खालच्या मागांचा आवाज दिवसभर यायचा, मुलं तक्रार करायची, मग सवय झाली. निम्मी मुलं सोडून गेली, निम्मी टिकली. यजमानांचं नाव जिथे तिथे निघालं, ते ऐकून घ्यावं लागलं. पहिले काही महिने त्या नव्या पेठेकडे फिरकल्या नाहीत.

दीड वर्षाने कॉटन चेंबर दुरुस्त होऊन उघडली, तेव्हा एका सकाळी त्या बघायला गेल्या. दगड धुऊन काळाभोर निघाला होता. वर पंधरा-वीस तरुण पोरंपोरी लॅपटॉप घेऊन बसली होती. जिथे हॉल होता तिथे दोन खोल्या आणि मध्ये पांढरी जाड भिंत. एका मुलीने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही. बघायला आले होते."

उतरताना रावजीच्या दुकानावरून जावं लागलं. तो गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवत होता. बाईंना पाहिलं, पण आधी गिऱ्हाईक उरकलं. त्या पायरीवर थांबल्या.

"वैनी," तो म्हणाला. "भिंतीचा राग न्हाय मला. महेश्वररावांनी केलं ते केलं. पर सही का केली वो?"

"भ्याले मी. जागा जाईल म्हणून."

त्याने चादरीची घडी घातली, कड नीट जुळली नाही म्हणून परत उलगडली आणि पुन्हा घातली.

"गेलीच की जागा," तो म्हणाला.

"गेली."

"कसं चाललंय तिकडं?"

"बरं. सत्तावीस मुलं आहेत."

रावजीने समोरच्या टपरीवर हात करून दोन चहा सांगितले आणि गठ्ठ्यावरची धूळ झटकून त्यांना बसायला जागा केली. चहा होईस्तोवर दोघांत बोलणं झालं ते पावसाचं, त्याच्या गुडघ्याचं आणि चादरीच्या सुताच्या वाढलेल्या भावाचं. मग बाई उठल्या. बाराची बॅच होती.