पामेला मॅडमचं ताट

योवानाची पोयादा होती, म्हणून रविवारी सकाळी सातपासून मी कढईसमोर उभी. आमच्या टेकडीवर कुणालाही नड आली की पोयादा करतात. आधी घरोघर कार्डं विकायची, मग रविवारी कार्ड आणेल त्याला तळलेली कोंबडी, बटाटा, सॅलड. कार्डाला नाही म्हणायचं नसतं. आज तिचं तुम्ही घ्या, उद्या तुमचं ती घेईल. चाळीस कार्डं मीच खपवली होती. रिक्षावाल्या फ्लोरेन्सियोच्या गळ्यात तर दोन मारली.

नड काय, ते विचारलं नव्हतं. योवाना माझ्या गेलेल्या मैत्रिणीची मुलगी. "मावशी, नोकरीसाठी पैसे हवेत," म्हणाली, मला तेवढं पुरलं.

दुपारी चारला शेवटचा घाणा सोडताना विचारलं, "नोकरी कसली गं?"

"घरबसल्या. फोनवर हॉटेलांना चांगले शेरे द्यायचे. पहिल्या दिवशी तीस सोल खात्यात आलेसुद्धा! आता तिथे माझे बाराशे जमलेत. ते सोडवायला फक्त आठशे अनामत भरायची, सहाच्या आत. नाहीतर जागा जाते."

मी झारा खाली ठेवला.

"त्यांच्याकडे तुझे बाराशे आहेत, आणि वर तूच त्यांना आठशे द्यायचे?"

"सगळ्यांनाच भरावे लागतात. पामेला मॅडम फार चांगल्या आहेत. रोज सकाळी विचारतात, कशी आहेस राणी, चहा घेतलास का."

"मी सकाळपासून तेलाच्या धुरात आहे. मला विचारलंस?"

ती हळूच म्हणाली, "दोनशे आधीच भरलेत. आईचं शिवणयंत्र विकून."

त्या यंत्रावर तिच्या आईने माझ्या लग्नाचा झगा शिवला होता. मी फोन हिसकावला आणि तेलकट अंगठ्याने लिहिलं, "मॅडम, मी योवानाची मावशी. बाराशेतून आठशे कापून घ्या, उरलेले चारशे पाठवा."

लगेच उत्तर. "सिस्टिममध्ये तसं होत नाही, ताई."

"मग पत्ता द्या, रोख आणून देते."

"ऑफिस परदेशात आहे, ताई."

"बरं. निदान एक कार्ड घ्या. पंधरा सोल. तुमच्यासाठीच अख्खी टेकडी कोंबडी खातेय. तुमचं ताट झाकून ठेवते."

आणि खरंच ठेवलं. मोठी तंगडी, दोन बटाटे.

"थेरडे, तुझ्यामुळे पोरीची जागा गेली," एवढं आलं आणि मॅडमचा फोटो गायब झाला.

"काय केलंस मावशी!" योवाना किंचाळली. "तुला फोनवरच्या कामातलं काय कळतं? खातेनंबर आहे माझ्याकडे. मी आत्ता भरते आणि तिची माफी मागते!"

पोयादाचे पैसे योवानाच्याच खात्यात. मी काय, तिचे हात बांधणार होते? मी जाऊन जेवणाऱ्यांसाठी लावलेली गाणी बंद केली, माइक धरला.

"ऐका! आपण जिच्यासाठी खातोय ती बाई पंधरा सोलचं कार्ड घेत नाही, आणि पोरीकडून नोकरीचे पैसे मागते. पामेला नाव तिचं. कुणी ओळखतं?"

मग बेकरीतली हेर्लिंदा उठली. एरवी ती दहा तोंडांनी बोलते, आज मात्र हळू बोलली. "माझ्या फोनवर तिचं नाव रोसारियो आहे," म्हणाली. "मी दोनदा पैसे भरलेत. नवऱ्याला माहीत नाही."

"आता झालं माहीत," तिचा नवरा म्हणाला.

योवानाने हेर्लिंदाचा फोन आपल्या फोनशेजारी धरला. कशी आहेस राणी, चहा घेतलास का. अक्षर न अक्षर तेच. तारीखही तीच. ती अंगठ्याने दोन्ही फोनवरचे मेसेज वर-खाली सरकवत राहिली.

सहा वाजले. तिने पैसे भरले नाहीत. माझा राग मात्र जागचा हलेना. ज्या तोंडावर फेकावा ते तोंडच कुठे नव्हतं.

"मेसेज पुसू नकोस," मी खेकसले. "उद्या चौकीत जायचं. हेर्लिंदा, तूसुद्धा."

योवाना उठली, झाकलेलं ताट उघडलं आणि उभ्याउभ्या तंगडी तोडायला लागली. डोळे वाहत होते, हाडं कडाकडा फुटत होती.

"मावशी," भरल्या तोंडानेच तिने विचारलं, "तू जेवलीस का?"

"नाही!" मी ओरडले.

तिने दुसरा बटाटा माझ्या हातावर ठेवला.