बिनस्टँडची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि मला स्टँड नाही. शर्यतीच्या सायकलीला तो लावतच नाहीत, उगाच वजन वाढतं म्हणून. त्यामुळे थांबले की कशाला तरी टेकावं लागतं. चालू लागले की मात्र तोल आपोआप सांभाळला जातो. म्हणून असेल, पण मला थांबणं कधी मानवलंच नाही. आत्ताही मुखेडच्या किराणा दुकानात तूरडाळीच्या पोत्याला टेकून बोलते आहे, आणि माझ्या मागच्या चाकाची नुसती चुळबुळ चालली आहे.

माझा जन्म नांदेडच्या एका दुकानातला. सांगाडा एकीकडचा, चाकं दुसरीकडची, पण जुळणी झकास झाली. एका कॉलेजकुमाराने मला हौसेने घेतलं, दोनदा फिरवलं आणि गॅलरीत टांगून ठेवलं. मग घरचे माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागले. शर्यतीच्या सायकलीवर टॉवेल! आठवलं तरी अजून अंगाचा तिळपापड होतो. तीन पावसाळे मी तशी लटकून काढले.

आणि एके दिवशी मला विकत घ्यायला अक्षरा आली. लहानपणी उसाच्या ट्रॉलीखाली सापडून तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. तिथे ती कृत्रिम पाय लावते. तिचे वडील सिद्धरामअप्पा मला खालून वर न्याहाळत होते.

"ह्या पायानं जमंल का गं?"

"बसून तर बघू द्या, अप्पा."

ती बसली आणि पहिल्याच गल्लीत पडली. उठली, कपडे झटकले, पुन्हा बसली. मला ती तिथेच आवडली. कृत्रिम पाऊल पायडलवरून सारखं निसटायचं, म्हणून तिने त्याला चामड्याचा पट्टा शिवून घेतला. मग आम्ही दोघी सुटलो. मुखेडहून देगलूरच्या रस्त्याला पहाटे निघायचं आणि अप्पांचं किराणा दुकान उघडायच्या आत परतायचं. ती लातूरचे सायकल प्रशिक्षक आनंदराज सर यांचा सल्ला घ्यायची. दिव्यांग खेळाडूंच्या राज्याच्या संघात शिरायचं आणि तिथून देशाची जर्सी मिळवायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. मला तर तेवढंही नको होतं. मला फक्त रस्ता हवा होता.

तिच्या आईला, नीलम्मांना, हे पाहवत नव्हतं. त्या शिवणकाम करतात. पोरगी परत येईपर्यंत त्यांचं मशीन चालायचं नाही. "लई झालं आता. एक पाय गेला, दुसऱ्याच्या मागं का लागून राहिलीस?" असं त्या रोज म्हणायच्या, आणि रोज तिच्यासाठी दशमी बांधून द्यायच्या.

निवड चाचणी ठरली लातूरला, नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. अप्पांचा तराजू, नीलम्मांचं मशीन, कात्री आणि त्यांच्या शेजारी मी. एकदा पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. अक्षराने आईला खूप विनवलं, "अव्वा, मला सराव करू दे." पण कुणी ऐकलं नाही. माझ्या हँडलवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला. शेवटी नीलम्मा करडईच्या तेलाची वाटी घेऊन आल्या. दरसाल मशीनला पाजतात तसं त्यांनी मलाही तेल पाजलं. साखळीला, आसाला, आणि चाकाच्या दोन्ही चकचकीत कडांनाही, मायेने, बोटाने चोळून. त्या कडांनाच माझे ब्रेक धरतात. मी ओरडले असते हो, पण मला तोंड कुठे आहे?

चाचणीच्या दिवशी सगळं घर घेऊन निघालेली जीप उशिरा पोहोचली. मला टपावरून काढलं आणि थेट रेषेवर उभं केलं. लातूरहून मुरुडच्या दिशेने जायचं, वळसा घ्यायचा, परत यायचं. एकेकीने, शर्यत घड्याळाशी. जाताना रस्ता सरळ, ब्रेकचं काम पडलं नाही. अक्षरा अशी काही सुटली की सर मोटारसायकलवरून ओरडत होते, "हाव, हाव, अशीच!" मग वळसा आला. तिने ब्रेक दाबले. चाकं फिरतच राहिली. वळण मागे पडलं आणि आम्ही दोघी रस्त्याकडेला वाळत घातलेल्या सोयाबीनच्या ढिगात जाऊन आदळलो.

सोयाबीन होतं म्हणून हाडं वाचली. पण तिचा पाय निखळून पडला होता. तो बसवून, पट्टा आवळून ती पुन्हा निघाली खरी. संघात दोघींना जागा होती. ती तिसरी आली.

सरांनी माझ्या चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. "करडईचं तेल? हे कुणी लावलं?"

"मी," अक्षरा म्हणाली.

"न्हाई हो सर," मागून नीलम्मा म्हणाल्या. "मी लावलं. मशीनीला लावते तसंच."

खरं सांगते, मला नीलम्मांचा फार राग आला होता. अक्षरालाही आला असणार. घरी आल्यावर नीलम्मांनीच मला मागच्या खोलीत ढकललं. माझ्याकडे बघवत नाही म्हणाल्या. वर रिकामी पोती टाकली. पुन्हा तेच टॉवेलचे दिवस. अक्षरा दुकानात बसू लागली. गूळ मोजून द्यायची, मागच्या खोलीकडे फिरकायची नाही. पोत्यांखाली माझे टायर बसत चालले होते. मला वाटलं, संपलं आपलं.

दिवाळीनंतर एका दुपारी पोती उचलली गेली. अक्षरा होती, आणि तिने आईला हाताला धरून आणलं होतं.

"बस हितं, अव्वा. ही साखळी. तेल हिला, तेही सायकलीचं. ही कड. हिला बोटसुद्धा लावायचं न्हाई."

"मला नको गं सांगू. माझ्या हातानं पुन्हा काही व्हायचं."

"तुझ्याच हातानं करायचं. मी रोज रस्त्यावर जाणार हाय. तू रोज तपासून दे."

सुईत दोरा ओवताना चढवतात तो चष्मा नीलम्मांनी चढवला आणि साखळीची एकेक कडी बघू लागल्या. त्या हातांवर मी किती रागावले होते! दोन दिवसांत तो राग कुठे गेला, कळलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली, पुन्हा चाचणी तोंडावर. नीलम्मांनी पहाटेच मला कुंकू लावलं, कापडाने कडा कोरड्या पुसल्या आणि दार उघडलं. अप्पा चकित झाले. "आज हत्यार खाली ठिवायचं असतं की."

"तुमचा तराजू ठिवा. हिचं हत्यार बसलं की बिघडतंय. जा गं."

पूजेचा हार चाकात अडकू नये म्हणून तो त्यांनी आधीच स्वतःच्या हाताने काढला होता. त्या वर्षी मुरुडच्या वळणावर अक्षराने ब्रेक दाबले आणि माझ्या रबरांनी कड घट्ट धरली. ती पहिली आली.

आता ती राज्याच्या संघाच्या शिबिरात आहे, तिथे तिला नवी, हलकी सायकल मिळाली. गेल्या आठवड्यात अप्पा मला दुकानात उंच टांगून हार घालणार होते, लोकांनी बघावं म्हणून. नीलम्मा कडाडल्या, "खाली घ्या तिला!" त्यांनी सरांना फोन लावून विचारलं, ही आता कुणाच्या कामी येईल. देगलूरची एक मुलगी आहे म्हणे, एका हाताने सायकल चालवते. सोमवारी मला न्यायला येणार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी सांभाळून ठेवलेलं असेल, सायकल असो की माणूस, तर एवढंच करा. त्याला काय हवं ते आधी विचारा, मग तेलाची वाटी घ्या. आणि दार उघडं ठेवा. नीलम्मांनी आज सकाळीच माझ्या कडा पुसल्या. सोमवार यायला अजून वेळ आहे, आणि मला काही उभं राहवत नाही.